विजेच्या खांबावरचा वाल

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. देवपुरातल्या आमच्या कॉलनीत ज्यांनी हा प्रकार उघड्या डोळ्यांनी पाहिला, तेसुद्धा हल्ली म्हणतात की असं काही झालंच नव्हतं. त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी त्यात नारळ फोडलेत, आता कबूल कसं करणार? पण वालाच्या एका वेलाने आमच्या गल्लीचा दिवा झाकला, तीन कचेऱ्यांना घाम फोडला आणि ऐन थंडीत दारात भाविकांची रांग लावली, हे सूर्यप्रकाशाइतकं खरं आहे. धुळ्याच्या सूर्यप्रकाशाइतकं म्हणतोय, म्हणजे किती ते समजून घ्या.

मी विमा एजंट होतो. माणूस मेल्यावर त्याचं किती भलं होणार आहे, हे त्याच्याच घरी बसून, त्याच्याच चहाचे घोट घेत त्याला पटवून देणं, हा माझा धंदा. अशा माणसाला लोक थापाड्या म्हणतात. मी त्याला सजावट म्हणतो. लग्नाच्या मांडवात कागदी फुलं लावली म्हणून कोणी नवरदेवाला खोटा म्हणतं का? पण सासरच्यांना हा फरक कधी कळला नाही. त्यातही तानुबाईची, म्हणजे माझ्या बायकोची, थोरली बहीण झुंबरबाई. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. मी ‘आज ऊन आहे’ म्हटलं तरी अक्का आधी खिडकीबाहेर बघते.

तर ही अक्का मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीसगावकडून आमच्याकडे आली आणि तिने पदराची गाठ सोडून तानुबाईच्या ओंजळीत मूठभर वाल ठेवले. माझ्या सासूबाईंचं बियाणं. सासूबाई गेल्या, मग माहेरचं घर विकलं, आणि दोघी बहिणींना माहेर म्हणून उरला तो एवढा वाल. अक्का तो दरवर्षी लावायची आणि बी राखेत घालून मडक्यात ठेवायची. पण घरात नवी सून आली, तिला सासूवर छाप पाडायची होती, म्हणून तिने कोणाला न विचारता मडकं उपडं केलं, राख धुतली आणि सगळ्या बियाण्याची उसळ केली. अक्का सांगत होती की उसळ फार चांगली झाली होती, आणि सांगताना डोळे पुसत होती. मडक्याच्या तळाला चिकटून राहिलेले एवढेच दाणे वाचले. अक्काच्या शेताला चारही बाजूंनी कापूस, त्यावर सारखी फवारणी, म्हणून तिने ते धुळ्याला आणले होते. पुढच्या आखाजीला येऊन बियाणं नेईन, म्हणाली.

मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे न बघता बहिणीला सांगितलं, “तानू, यास्ना हातमा देऊ नको.”

आता यानंतर कोणताही स्वाभिमानी माणूस काय करेल? मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हा वाल मी लावणार, मी वाढवणार, आणि पुढच्या आखाजीला अक्काची ओटी पायलीभर बियाण्याने भरणार. तानुबाईने तो वाल देवघरात ठेवला आणि देवघराच्या दाराला कडी लावली.

पेरणीची वेळ आली तेव्हा सगळी कॉलनी सल्लागार झाली. आमच्या सोसायटीचे चेअरमन लीलाधरभाऊ एका पतपेढीतून निवृत्त झालेत आणि कोणत्याही विषयात दुसऱ्याला मंजुरी देण्याची त्यांची सवय गेलेली नाही. त्यांनी मातीला साफ नामंजूर केलं. हल्ली सगळे नारळाच्या भुशात लावतात, म्हणाले. दुसऱ्या एकाने ताक घाला सांगितलं, तिसऱ्याने ताक अजिबात घालू नका सांगितलं, आणि दोघेही आपापल्या जावयाचा दाखला देत होते. शेजारचे हनीफभाई कूलर बनवतात. त्यांनी नुसती भिंत दाखवली आणि म्हणाले, नाना, इथे लावा, दुपारनंतर सावली आहे. कूलरवाल्याला ऊन कळतं, हे मी मान्य केलं आणि भिंतीलगत आळं केलं.

मूठभर बियांतून उगवला एक वेल. बाकीचे दाणे खारीने खाल्ले, किंवा कबुतरांनी, किंवा ताक घाला म्हणणाऱ्याने आळ्यात ओतलेल्या ताकाने त्यांचा निकाल लावला. तानुबाई रोज सकाळी त्या एकुलत्या एका वेलाकडे अशी बघायची जसं आजारी पोराचं कपाळ बघतात. मी तिला धीर देत होतो. एकच आहे पण जातिवंत आहे, म्हणत होतो. खरं सांगायचं तर माझीही झोप उडाली होती. हा एक वेल गेला की दोघींचं माहेर गेलं, आणि ते माझ्या हातून गेलं असं अक्का मरेपर्यंत सांगणार.

वेलाला मांडव हवा. मांडवाला बांबू हवेत, माणूस हवा, खर्च हवा. मी एक नायलॉनची दोरी घेतली, एक टोक भिंतीच्या खिळ्याला आणि दुसरं फाटकाबाहेरच्या विजेच्या खांबाला बांधलं. माझा हेतू एवढाच होता की वेलाला दिशा मिळावी. पण त्या वेलाला सासूबाईंचाच स्वभाव मिळालेला. दिशा दाखवली की गाव काबीज. मी सकाळी दात घासायला अंगणात यायचो तेव्हा शेंडा दोरीवर असायचा आणि चूळ भरून वर बघेपर्यंत वीतभर पुढे गेलेला असायचा. एकदा दोरीवर बनियन वाळत घातलं होतं, ते संध्याकाळी खांबाच्या अर्ध्यावर गेलेलं मी स्वतः पाहिलंय. दसऱ्यापर्यंत एक फांदी खांबावर चढून दिव्याला भिडली, आणि दुसरी भिंत ओलांडून हनीफभाईंच्या गच्चीवर, तिथे रचून ठेवलेल्या कूलरच्या सांगाड्यांमध्ये शिरली.

दिवाळी झाली आणि शेंगा लागल्या. चपट्या, कडेला जांभळी रेघ असलेल्या, मोडल्या की वास हाताला संध्याकाळपर्यंत राहणाऱ्या. तानुबाईने पहिली भाजी केली. शेंगदाण्याचा कूट, लसूण, वर कच्चं तेल, सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा. पहिला घास घेऊन ती थांबली. मला वाटलं खडा लागला. ती म्हणाली, आईच्या हातचीच चव आहे. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदाच, जेवताना कोणाला काही सांगितलं नाही.

मग शेंगांचा पूर आला. आम्ही खाल्ल्या, वाटल्या, ज्यांना हव्या होत्या त्यांना दिल्या, ज्यांना नको होत्या त्यांच्या फाटकाला पिशवी लावून आलो. हनीफभाईंच्या रईसाभाभींनी वाल घालून मटण केलं आणि वाटीभर पाठवलं. तो माझा गुरुवार होता. मी ते फक्त वालासाठी खाल्लं.

आता यातली खरी गोम ऐका. बी धरायचं म्हणजे चांगल्या भरलेल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या. त्या चुकून कोणी तोडू नयेत म्हणून सासूबाईंच्या घरची रीत अशी की बियाण्याच्या प्रत्येक शेंगेच्या देठाला लाल चिंधी बांधायची. तानुबाईने जुना लाल खण फाडला आणि मला शिडीवर चढवलं. खांबाच्या बाजूला ऊन चांगलं, शेंगाही तिथल्याच टपोऱ्या. तिने खालून बोटाने दाखवायचं, मी वर चिंधी बांधायची. खांब लाल झाला. हनीफभाईंच्या गच्चीकडच्या शेंगा मला काही पसंत पडल्या नाहीत, तिकडे आम्ही गेलोच नाही.

आठवड्याभरात वरच्या कॉलनीतल्या एक वहिनी सकाळच्या फेरीला जाताना थांबल्या आणि त्यांनी विचारलं, हे कशाचं. आता बियाण्याचं, एवढंच सांगून मोकळं होता आलं असतं. पण सकाळची वेळ, समोर ऐकणारं माणूस, पोटात चहा. मी म्हणालो, हा आमच्या सासूबाईंचा वेल, फार जुना, याच्याकडे जे मागाल ते मिळतं. माझ्या मनात भाजी होती. वहिनींच्या मनात मुलीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी खांबाला एक हिरवी चिंधी जास्त होती.

त्या मुलीचं लग्न जमलं. ते जमणारच होतं, मुलगी देखणी आणि नोकरीला. पण महिन्याभरात खांबाला चिंध्या किती झाल्या म्हणता? खाली हळदकुंकू, उदबत्त्या, कोणीतरी दोन विटा मांडून त्यांना शेंदूर लावला. तानुबाई कपाळाला हात लावून बसली. माझ्या आईची शेंग आणि तुमची जीभ, म्हणाली. मी म्हणालो, उलट बरंच झालं, आता कोणी शेंगेला हात लावणार नाही.

आणि ते खरंही ठरलं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. कारण लीलाधरभाऊंनी तक्रार केली होती. वेलाने गल्लीतला दिवा झाकला आणि सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिवसभर फक्त वालाची पानं दिसतात, अशी. मला बोलावणं आलं. कचेऱ्यांची नावं घेत नाही, मला तिथे पुन्हा जायचं आहे. पहिल्या कचेरीत म्हणाले, खांब आमचा पण दिवा आमचा नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, दिवा आमचा पण त्यावर जे उगवलं ते बागेच्या साहेबांकडे. बागेच्या साहेबांनी विचारलं, झाडाचा घेर छातीच्या उंचीवर किती. मी म्हणालो, बोटाएवढा. ते म्हणाले, मग हे झाड नाही, आणि झाड नसेल तर तोडायची परवानगी देता येत नाही. मी म्हणालो, मला तोडायची परवानगी नकोच आहे. ते म्हणाले, नको असलेल्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मी तो केला. त्याची पोच अजून माझ्याकडे आहे.

पण अर्ज टेबलावर पोचायच्या आधीच वायरमन दारात पोचला. अभिमन त्याचं नाव. लांब बांबूला कोयता बांधून आला होता. शेंगा अजून ओल्या, दाणे दुधाळ. त्या दिवशी वेल कापला असता तर सगळं संपलं असतं. तानुबाई तशीच पिठाच्या हाताने बाहेर आली आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. माझ्या घशातून आवाज फुटेना, यावरून प्रसंग किती बिकट होता ते कळेल. अभिमनने वर बघितलं, मग खाली विटा बघितल्या, मग हळूच चपला काढल्या. बांबू भिंतीला टेकवला, हात जोडले, आणि तानुबाईला विचारलं की बदलीसाठी चिंधी कोणत्या रंगाची लागते. मी म्हणालो, निळी.

वेल वाचला. तानुबाई पायरीवर बसून हसत सुटली, मीही हसलो, आणि त्या रात्री आम्ही दोघं निवांत झोपलो. निवांतपणा हा फार फसवा प्रकार आहे.

कारण अभिमनची बदली झाली. ही बातमी लागताच लीलाधरभाऊंनी तक्रार मागे घेतली आणि गुपचूप येऊन स्वतःची चिंधी बांधली. त्यांच्या भूषणचं, म्हणजे मुलाचं, पुण्याच्या नोकरीचं पत्र अडलं होतं. ते पत्र आलं. मग काय, भाऊंनी वेलसमिती स्थापन केली, स्वतः अध्यक्ष झाले आणि खांबापाशी पाटी लावली: शेंगा तोडू नयेत. माझ्या अंगणातल्या वेलाच्या शेंगा मी तोडू नयेत. मी आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी मला समितीत घेतलं, चपला सांभाळण्यावर.

तरी मी शांत होतो. शेंगा वाळत होत्या, देठ पिवळे पडत होते. अजून थोडे दिवस, की अक्काची ओटी भरली. तेवढ्यात तानुबाईला तिच्या मावसबहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला दीपनगरला जावं लागलं. जाताना एवढंच सांगून गेली की शेंगांवर लक्ष ठेवा.

मी ठेवलं. पण लक्ष शेंगांवर असताना मागे भाऊंनी भंडारा ठरवला, त्याला मी काय करू? भूषणच्या नोकरीचा भंडारा. कॉलनीच्या मैदानावर वरण, बट्टी आणि प्रसादाची भाजी. मोठी कढई, पंगती, माईक. भाऊंच्या आग्रहावरून मी माईकवर बसलो आणि सासूबाईंच्या वेलाचं माहात्म्य सांगितलं. ते माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण होतं, असं बरेच जण अजून म्हणतात. मग मी पंगतीत बसलो. भाजी अशी झाली होती की बोटं चाटावीत. मी दुसऱ्यांदा मागून घेतली, तिसऱ्यांदा वाढप्याचा हात धरला. वास ओळखीचा वाटत होता. घरी येऊन ढेकर दिला आणि तेव्हा वर बघितलं.

खांबावर एकही शेंग नव्हती. चिंध्या होत्या. लाल चिंध्या एका सुतळीत नीट ओवून समितीने पाटीला अडकवल्या होत्या.

मला वाटलं होतं तानुबाई भांडेल. तिने दीपनगरहून येऊन पिशवी खाली ठेवली, वेलाला हात लावला आणि आत जाऊन देवघराची कडी काढून टाकली. आता आत ठेवायला काही नव्हतं. चार दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा चांगली वागली, आणि यापेक्षा भयंकर काही मी संसारात पाहिलेलं नाही.

मी बाजारात गेलो. वाल तर वाल असतो, असं मनाला सांगत दुकानातून किलोभर आणला आणि तिच्यासमोर ओतला. तसाच तांबूस, तसाच पांढऱ्या डोळ्याचा. अक्काला काय कळणार, बी चवीला लागायला एक हिवाळा जावा लागतो. तानुबाईने दाणे हातात घेतले, फिरवले आणि म्हणाली, “अहो, अक्काला फसवाल. मी आईला काय सांगू?” त्या वालाची तिने उसळ केली. बरी झाली होती, तेवढंच.

उन्हाळा लागला तसा वेल वाळला. समिती उठून पाण्याच्या टाकीजवळच्या औदुंबराकडे गेली, कारण तिथे सावली होती. आखाजी जवळ आली. मी अक्कासाठी गोष्ट तयार करत होतो. आधी पोपटांचा थवा घेतला, मग गारपीट घेतली, मग दोन्ही एकत्र करून बघितलं. काहीच बसेना. इतकी वर्षं मी कशाकशाची गोष्ट केली, पण बायकोच्या गेलेल्या माहेराची गोष्ट मला काही जुळवता येईना.

आखाजीच्या सकाळी मी अंगणात उभा होतो. हनीफभाई गच्चीवरून भिंतीवर वाकले आणि म्हणाले, नाना, सीझन सुरू झाला, काल मी सांगाडे खाली उतरवले, त्यात तुमच्या वालाचा हा कचरा अडकला होता, हवा तर घ्या नाहीतर टाकून देतो. आणि त्यांनी जुन्या ओढणीत बांधलेलं एक बोचकं खाली सोडलं. मी ते झेललं आणि ते वाजलं. पावसात मुरमावर सर पडावी तसं वाजलं.

मी तिथेच खाली बसलो. शेंगा कडक वाळलेल्या, दाबली की तड्कन फुटायची आणि आतून तांबूस, पांढऱ्या डोळ्याचे दाणे. तानुबाई सांजोऱ्या तळत होती, तिला हाक मारली तर ती झारा हातात घेऊनच आली. तिने एक दाणा दातांखाली धरला, वास घेतला, आणि मला विचारा त्या झाऱ्यातून माझ्या पायावर किती तेल सांडलं. मला काही कळलं नाही. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. आम्ही दोघांनी शेंगा सोलल्या, दाणे पितळी ताटात भरले आणि तिने पदराच्या टोकाने ताट पुसून घेतलं, जरी ते पुसायची गरज नव्हती.

अक्का दुपारी आली. पण ती फाटकात शिरायच्या आधीच लीलाधरभाऊंनी तिला गाठलं आणि वेलाचा महिमा, भंडाऱ्याची पंगत आणि शेवटच्या शेंगेपर्यंत सगळा प्रसाद कसा वाटला, ते इत्थंभूत सांगितलं. मी काय खाल्लं आणि कितीदा, तेही. म्हणजे अक्का ओट्यावर बसली ती सगळं संपलं आहे हे कळूनच. रईसाभाभी सांजोऱ्यांसाठी बोलावलेल्या, त्याही बसल्या होत्या. तानुबाईने ताट अक्कापुढे ठेवलं.

त्या क्षणी गप्प बसावं हे मला कळत होतं. पण काळजावरचा एवढा मोठा दगड उतरलेला माणूस गप्प बसू शकत नाही. मी म्हणालो, अक्का, लोक काही म्हणोत, मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की खांबावरचं बियाणं टिकणार नाही, तो नुसता देखावा होता. खरं बियाणं मी गुप्तपणे भाभींच्या गच्चीवर राखलं होतं. भाभींना तेव्हाच सांगून ठेवलं होतं, इथल्या एकाही शेंगेला हात लावायचा नाही, हे अक्काचं आहे.

अक्काने ताटातले दाणे चाळवले. मग ताट हळूच तानुबाईकडे सरकवलं.

“हाई बियानं मन्ही मायनं शे, हाई कोन सांगस?” ती म्हणाली. “तुम्हीच ना, पाव्हना?”

तानुबाई म्हणाली, अक्का, खरंच आपलं आहे, मी दाताने बघितलं. अक्का म्हणाली, तू चाळीस वर्षं यांच्यासोबत राहिलीस तानू, तुझं तरी काय खरं. बाजारातला वाल आणला असेल. नको मला. मायचा नाही तर कुठलाच नको. असं म्हणून ती पिशवी उचलायला लागली, आणि तानुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आणखी पुरावे देणार होतो. शपथ घेणार होतो. शपथेचं नाव काढताच अक्काने चप्पल पायात घातली.

तेव्हा रईसाभाभींनी हातातली सांजोरी बशीत ठेवली.

“नाना, तुम्ही मला कधी सांगितलं?” त्या म्हणाल्या. “थंडीत भिंतीवरून काय बोलला होता, सांगू अक्कांना? बोलला होता, भाभी, तुमच्या बाजूच्या सगळ्या खाऊन टाका, बी धरण्यासारखी एक शेंग नाही तिकडे, खरं बियाणं आमच्या खांबावर. आम्ही तर खाणारच होतो. पण घरात वालाचं नाव काढलं की सगळे ताटावरून उठायला लागले, म्हणून वरच राहून गेल्या. तुम्हाला काय, मलाही माहीत नव्हतं त्या वर आहेत. काल आमच्या यांनी सांगाडे उतरवले तेव्हा मिळाल्या.”

अक्काने भाभींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिने चप्पल काढली, पदर पसरला आणि ताट त्यात उपडं केलं.

“आते पटनं,” ती म्हणाली.